एकटीचं कोलकाता, ४८ तास

तुमच्या फोनमध्ये एक तरी असा ग्रुप असणारच. नाव 'गोवा पक्का' किंवा 'मनाली कन्फर्म'. दोन वर्षांपासून त्यावर रील्स येतात, हॉटेलांचे फोटो येतात, 'यार जाऊया ना' येतं. फक्त ट्रिप तेवढी होत नाही.

आमच्या ग्रुपचं नाव होतं 'कोलकाता फायनल'. नागपूरच्या आम्ही चौघी, सेकंड इयर. जानेवारीत परीक्षा संपल्या की निघायचं म्हणून या वेळी चक्क तिकिटं काढली. मग एकीच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं, दुसरीची इंटर्नशिप लागली आणि तिसरीच्या घरून ऐन वेळी नकार आला. आठवडाभरात चारपैकी तीन तिकिटं कॅन्सल. उरलं ते माझं.

तुम्ही काय केलं असतं? मी सुद्धा कॅन्सलच करणार होते. पण ॲपवर त्या बटणाशी गेले आणि वाटलं, कोलकाता बघायचंय ते मला, ग्रुपला नाही. आईला सांगितलं. ती "एकटी? नाही" म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली. दोन दिवस घरात तो विषयच नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी मध्यस्थी केली आणि चार अटी ठरल्या. लाइव्ह लोकेशन कायम चालू. दर तीन तासांनी फोन. रात्री आठच्या आत खोलीवर. आणि अनोळखी माणसाकडून काही घेऊन खायचं नाही.

मी सगळ्याला हो म्हटलं. निघताना आईनं बॅगेत तिळगुळाचा डबा कोंबला. संक्रांत नुकतीच झाली होती.

'गीतांजली'ची गादी

नागपूरहून हावड्याला जायला मुंबईकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या आहेत. मी गीतांजली एक्स्प्रेस घेतली. संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. अंतर साधारण अकराशे किलोमीटर.

या गाडीशी आपलं एक नातं आहे. १९७७ साली ती सुरू केली तेव्हा रेल्वेमंत्री होते मधू दंडवते. गाडीचं नाव रवींद्रनाथांच्या पुस्तकावरून ठेवलं आणि तिच्यात तेव्हा पहिला-दुसरा असे वर्गच नव्हते, सगळे प्रवासी एकाच वर्गाचे. स्लीपरच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी आली, तीही दंडवत्यांच्याच काळात. आज आपण वरच्या बर्थवर आडवे होऊन रील्स बघतो, तेव्हा खाली जे मऊ लागतं त्याची सुरुवात तिथली आहे.

एकटीनं प्रवास म्हणजे पहिला प्रश्न सामानाचा. वॉशरूमला जाताना बॅगेकडे कोण बघणार? समोरच्या बर्थवर टाटानगरला उतरणाऱ्या एक काकू होत्या. मी त्यांच्या बॅगेकडे बघितलं, त्यांनी माझ्या. असे करार आपोआप होतात. खरगपूरला झालमुडीवाला चढला. मोहरीच्या तेलाचा तो वास आला आणि कळलं, आपण आता दुसऱ्या प्रांतात आहोत.

नदीच्या खालून

हावड्याला उतरलात की गर्दी तुम्हाला आपोआप बाहेर ढकलते. समोरच हुगळी आणि तिच्यावरचा तो पूल. टॅक्सीवाले हाका मारतात, त्यांच्याकडे बघूही नका. स्टेशनाच्या पोटातच मेट्रो आहे.

देशातली पहिली मेट्रो कोलकात्यातच धावली, १९८४ साली. आणि नदीच्या खालून जाणारी पहिली मेट्रोही इथलीच, मार्च २०२४ पासून. हावडा स्टेशनवर सरकत्या जिन्यांवरून खाली, आणखी खाली जात राहता. गाडी सुटते आणि बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे दिसायला लागतात. तेवढा भाग नदीखालचा. पाचशे वीस मीटर, जेमतेम पाऊण मिनिट. व्हिडिओ काढायचा की डोळ्यांनी बघायचं हे ठरवेपर्यंत संपतं सुद्धा. मी व्हिडिओ काढला, तो हलला. येताना परत बघितलं, नुसतं.

एस्प्लनेडला उतरून न्यू मार्केटच्या मागच्या गल्लीत मुलींच्या डॉर्ममध्ये बेड घेतला होता. बुक करताना फोटोंपेक्षा रिव्ह्यू वाचले, तेही मुलींनी लिहिलेले. बॅग टाकली आणि चालत इंडियन म्युझियम गाठलं. १८१४ साली स्थापन झालेलं हे देशातलं सगळ्यात जुनं संग्रहालय. बंगाली लोक त्याला 'जादूघर' म्हणतात. सगळे जण ममी बघायला पळतात, तुम्हीही पळालच. पण भारहुतच्या स्तूपाचे लाल दगडी कठडे बघायला वेळ ठेवा. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात हत्ती, माकडं आणि झाडं कोरून जातककथा सांगितल्यात, जवळजवळ आपल्या कॉमिक्ससारख्या. आणि कुणी मागून "चल ना, बोअर होतंय" म्हणायला नव्हतं. मी एका चौकटीपुढे पंधरा मिनिटं उभी होते.

संध्याकाळी मात्र खरं सांगायचं तर जीव कासावीस झाला. पार्क स्ट्रीटवर दिवे लागलेले, सगळीकडे घोळके. मी काठी रोल घेऊन फूटपाथवर एकटीच उभी. हातातला रोल चांगला आहे हे कुणाला सांगायचं? एकट्यानं फिरण्यात सगळ्यात जड काय जात असेल तर ही जेवायची वेळ. भीती नंतर. त्यावर उपाय एकच सापडला, दुकानदाराशी बोलायचं. "दादा, आत काय घातलंय?" इतकं पुरतं. 'दादा' आणि 'दीदी' हे दोन शब्द आपल्याकडचेच आहेत, आणि या शहरात त्यांच्यावर सगळं चालतं.

फुलं, पूल आणि पुस्तकं

दुसऱ्या दिवशी सहाला उठा. हो, ट्रिपवर असलात तरी. हावडा पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटावर फुलांचा बाजार भरतो आणि त्याची मजा उजाडताना आहे. आपण सीताबर्डीत किंवा दादरला फुलबाजार बघितलेला असतो, पण इथे झेंडूच्या माळा माणसाच्या खांद्यावर जाड दोरखंडासारख्या पडलेल्या असतात. पायाखाली चिखल, डोक्यावर टोपल्या, आणि मागून कुणीतरी ओरडत येतंच. वाटेत उभं राहून फोटो काढू नका. तिथे लोक कामावर आहेत.

मग पूल चालत ओलांडा. १९४३ साली तो खुला झाला. नटबोल्ट नाहीत, सगळा सांगाडा रिव्हेट ठोकून जोडलेला. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. इंजिनिअरिंगवाल्यांनी मान वर करून बघावा असा आहे, आणि बाकीच्यांनी खाली बघावा असा. खाली बघायचं ते यासाठी, की लोकांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी त्याच्या खांबांचे पाय गंजायला लागले होते. शेवटी त्यांना फायबरचं आवरण घालावं लागलं. एवढा मोठा पूल, आणि त्याला धोका पिचकारीचा. परतताना लाँच घ्या. काही रुपयांत नदी, पूल आणि गार वारा मिळतो.

तिथून मेट्रोनं महात्मा गांधी रोड स्टेशन, आणि चालत कॉलेज स्ट्रीट. इथे पुस्तकांच्या टपऱ्या फूटपाथ संपेपर्यंत आहेत. मेडिकल एन्ट्रन्सची गाइडं, त्याखाली कविता, त्याखाली कुणाच्या तरी आजोबांचं लॉचं पुस्तक. एका बाजूला कलकत्ता विद्यापीठ. ते आणि आपलं मुंबई विद्यापीठ एकाच वर्षी, १८५७ साली सुरू झालं. शेजारी प्रेसिडेन्सी, तिची मुळं १८१७च्या हिंदू कॉलेजपर्यंत जातात.

समोरच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर कॉफी हाउस. उंच छत, पंखे, रवींद्रनाथांचं मोठं चित्र, पांढऱ्या गणवेशातले पगडीवाले वेटर. काळी कॉफी हवी असेल तर 'इन्फ्युजन' म्हणायचं. रिकामं टेबल मिळणार नाही, दुसऱ्यांच्या टेबलावर बसायचं. माझ्या टेबलावर प्रेसिडेन्सीतली दोन मुलं कसल्या तरी निवडणुकीवरून भांडत होती. मध्येच एकानं मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मला विषयच माहीत नव्हता. तरी वीस मिनिटं बोलले. याला तिकडे 'अड्डा' म्हणतात. कॉफी केव्हाच संपली होती, उठा म्हणायला कुणी आलं नाही.

पुढचं स्टेशन गिरीश पार्क, तिथून जोरासांको. रवींद्रनाथ १८६१ साली याच वाड्यात जन्मले आणि १९४१ साली इथेच गेले. लाल इमारत, हिरव्या झिलमिलीच्या खिडक्या, मध्ये मोठा चौक. तिथे उभी असताना मला आठवली अ‍ॅना तर्खडकर. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते, इंग्रजी राहणी-बोलणी शिकायला. शिकवायची त्यांची मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे अ‍ॅना. रवींद्रनाथांनी तिला नाव दिलं 'नलिनी'. म्हातारपणीही ते तिच्याबद्दल बोलत. सतरा वर्षांचा मुलगा, परकं शहर, परकी भाषा. आपण उगाच त्यांना दाढीसकटच जन्मलेले समजतो.

पाचलाच अंधार

दुपारी अडीचला आईला फोन केला, 'सगळं छान' सांगितलं आणि शोभाबाजार स्टेशनला उतरून कुमारटुलीत शिरले. दुर्गेच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. जानेवारीत इथे सरस्वती असतात, शेकड्यांनी. आधी बांबू आणि गवताचा सांगाडा, त्यावर नदीची माती, मग रंग. एका गल्लीत नुसते गवताचे देह, दुसऱ्या गल्लीत डोकी वाळत घातलेली, तिसऱ्या गल्लीत डोळे रंगवणं चाललेलं. बंगालमध्ये सरस्वती पूजा म्हणजे कॉलेजवाल्यांचा सण. मुली पिवळ्या साड्या नेसतात, पुस्तकं देवीपाशी ठेवतात आणि त्या दिवशी अभ्यास करायचा नसतो. आपल्याकडे हा नियम कुणी आणेल का?

मी तिथे फोटो काढत राहिले. शंभर, दीडशे. मग मनात आलं, इथून बागबाजार जवळ आहे. तिथे एक गल्ली आहे, तिचं नाव 'मराठा डिच लेन'. ती मला बघायचीच होती.

कारण सांगते. मी महालात राहते, भोसल्यांच्या वाड्याच्या परिसरात. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. १७५१च्या तहात ओडिशा आणि बंगालची बारा लाखांची चौथ पदरात पडली, हे आम्ही शाळेपासून अभिमानानं ऐकलेलं. त्याच १७४२ साली, मराठे येणार या धास्तीनं कलकत्त्याच्या लोकांनी स्वतःच्या खर्चानं शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, साधारण तीन मैल खणून झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे तो बुजवला, त्यावरून रस्ता झाला. गल्लीला तेवढं नाव उरलं.

नकाशा लावला आणि निघाले. चार वळणांनंतर फोन बंद पडला. बॅटरी दहा टक्क्यांवर आल्याचं मी बघितलंच नव्हतं. पॉवर बँक डॉर्मच्या उशीखाली. आणि अंधार पडला. नागपुरात जानेवारीत पावणेसहापर्यंत ऊन असतं. कोलकाता इतकं पूर्वेला आहे की तिथे सव्वापाचलाच दिवस संपतो. हे भूगोलात शिकले होते, पण रस्त्यावर पहिल्यांदा कळलं.

इथे मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू. गल्ल्या अरुंद, पाट्या बंगालीत, मागून दोघं-तिघं हसत गेले तर त्यात काही नसूनही छाती धडधडली. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. साडेपाचचा फोन चुकणार. नागपुरात आईच्या स्क्रीनवर माझा ठिपका थांबलेला असणार. पुढच्या वेळी 'एकटी जाते' म्हणायचं तोंड राहणार नाही.

उजेड आणि गर्दी असलेल्या मोठ्या रस्त्याकडे चालत राहिले. एक मेडिकल दिसलं, काउंटरवर आईच्या वयाची बाई. आत शिरून सांगितलं, "मासीमा, फोन बंद पडलाय. आईला एक फोन करू?" त्यांनी काही न विचारता मोबाइल पुढे केला. नशीब, आईचा नंबर पाठ होता. बाबांचा नव्हता.

"काहून बंद होता फोन?" आईचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "सहा वाजून गेले. तुझे बाबा हावड्याची तिकिटं बघून राहिले इथे!" मी सॉरी म्हटलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्या बाईंना दे." दोघी पाच मिनिटं आपापल्या हिंदीत बोलल्या. काय ते मला अजून माहीत नाही, पण फोन परत देताना मासीमा हसत होत्या.

"तू बर्गी?"

त्यांनी माझा फोन चार्जिंगला लावला, स्टूल दिलं, घरातून आणलेल्या डब्यातला पिठ्याचा तुकडा हातावर ठेवला. खजुराच्या नव्या गुळाचा, त्यांच्याही संक्रांतीचा. चौथी अट आठवली. खाल्ला. मग बॅगेतला तिळगूळ काढला. तीळ आणि गूळ दोघांनाही ओळखीचा निघाला.

"बाडी कोथाय?" घर कुठे, त्यांनी विचारलं. मी नागपूर म्हटलं, महाराष्ट्र म्हटलं, त्या गल्लीबद्दल विचारलं. त्या एकदम हसल्या. "ओ! तू बर्गी?"

'बर्गी' म्हणजे आपला 'बारगीर'. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर, स्वतःचा घोडा असतो तो शिलेदार. बंगालमध्ये त्या शब्दाचा एकच अर्थ झाला, लुटायला येणारे मराठे. तिथे एक अंगाई आहे. पोरांना झोपवताना आया ती म्हणतात आणि तिच्यात बर्गी येतात. पिकं गेलीत, द्यायला काही नाही, आणि ते आलेत. मासीमांनी ती म्हणून दाखवली, गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता. त्यांना त्यांच्या आजीनं म्हटली होती. त्यांनी त्यांच्या मुलीला म्हटली. पावणेतीनशे वर्षं झाली.

मला काय बोलावं कळेना. आमच्या पुस्तकात ती एक यशस्वी मोहीम होती, नकाशावरचा बाण होता. बाण जिथे टोचला तिथे माणसं राहत होती, हे त्या मेडिकलमध्ये स्टुलावर बसून कळलं. मी काहीतरी पुटपुटले. मासीमा म्हणाल्या, "अगं, गाणं आहे. तू खा."

गल्ली दोन वळणांवरच होती. त्यांनी दुकानातला पोरगा बरोबर दिला. बघायला तिथे काहीच नाही. घरं, सायकली, नळावर पाणी भरणारी माणसं, आणि नावाची पाटी. मी पाटीचा फोटो काढला आणि पावणेआठला डॉर्मवर पोहोचले. चारपैकी तीन अटी एकाच संध्याकाळी मोडल्या. आठची तेवढी पाळली.

जाता जाता

शेवटच्या सकाळी व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत फिरले. १९२१ साली खुली झालेली ही इमारत मकराण्याच्या संगमरवराची, ताजमहालाला लागला तोच दगड. आत संग्रहालय आहे, पण गाडी दुपारची होती. बाहेर बाकावर बसून मातीच्या भांड्यातला चहा घेतला. वाटेत एक ट्राम दिसली. १८७३ साली घोड्यांनी ओढत सुरू झालेली ही ट्राम आता मोजक्याच रस्त्यांवर उरलीय. बसायची राहिली. पिवळ्या अ‍ॅम्बेसेडर टॅक्सीतही बसायचं राहिलं, त्याही कमी होत चालल्यात. म्हणजे परत जावं लागणार, आणि लवकर.

घरी पोहोचल्यावर आईनं पहिल्यांदा डबा उघडून बघितला. रिकामा होता. मग तिनं विचारलं, "त्या बाईंना काय म्हणतात? मासीमा?" मी अंगाईचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचा नंबर दे मला. पोचली म्हणून सांगायला हवं." नंबर तिच्या फोनमध्येच होता. संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांचा.

एकटं निघताय? मग एवढं करा

- आई-बाबा दोघांचेही नंबर पाठ करा. एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. डॉर्मचा पत्ताही.
- पॉवर बँक अंगावरच्या बॅगेत ठेवा. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की फोटो बंद.
- जाल त्या गावात सूर्य कधी मावळतो ते आधी बघा. प्लॅन घड्याळावर नाही, उजेडावर करा.
- पहिल्यांदा जाताय तर दिवसा पोहोचणारी गाडी घ्या.
- कुणी मागे येतंय वाटलं तर दुकानात शिरा, काउंटरवरच्या माणसाशी बोला. संकोच करू नका.
- कोलकात्यात सोमवार टाळा. बरीच संग्रहालयं बंद असतात.
- मेट्रोची जुनी, उत्तर-दक्षिण लाइन धरा. पार्क स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट, जोरासांको, कुमारटुली सगळं तिच्याच आसपास आहे.
- माझा खर्च, स्लीपरचं जाणं-येणं, दोन रात्री डॉर्म, खाणं, मेट्रो धरून साडेचार हजारांच्या आत. पुस्तकं वेगळी.
- घरून थोडा खाऊ न्या. कुणाला तरी द्यायला लागतोच.